ब्रेक फेल झाला, म्हणजे कोणी काय केलं?

घाटातल्या अपघाताची बातमी पेपरात येते तेव्हा तिच्यात दोन वाक्यं ठरलेली असतात. एक, ‘ट्रकचा ब्रेक फेल झाला.’ दुसरं, ‘चालकावर गुन्हा दाखल.’ दोस्तांनो, ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून बघा. पहिल्यात माणूसच नाही. पाऊस पडला तसा ब्रेक आपला आपण फेल झाला. दुसऱ्यात एकच माणूस आहे. मधला मालक, गॅरेज, वजनकाटा, पासिंगचं ऑफिस, डिझेलचा हिशेब हे सगळं दोन वाक्यांच्या फटीत गडप.

मी मावळात भाताच्या गिरणीत कामाला आहे. शाळा नववीपर्यंत, पुढचं रात्री हाताला लागेल ते वाचून. नीती-अनीतीचा विचार पुस्तकातनं थोडा आला, ट्रकच्या फाळक्याशी उभं राहून जास्त. म्हणून प्रश्न तिथनंच मांडतो. वस्तू मोडते आणि माणूस मरतो, तेव्हा दोष कुणाच्या पदरात घालायचा? पोलीस त्यांचं उत्तर देतातच. आपलं काय?

आधी ब्रेक कसा जातो ते समजून घेऊ. चळवळीतल्या पोरांना हे कंटाळवाणं वाटेल, पण याच्यावाचून पुढचं सगळं भाषण होईल.

कॅन्टर, ४०७ असल्या गाड्यांना तेलाचा ब्रेक असतो. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर तेल ढकलतो, ते नळीतनं चाकापाशी जातं, लायनर ड्रमला घासतो. पायाचा जोर पुरत नाही म्हणून मधे व्हॅक्यूमचा बूस्टर. आमच्याकडे हायवेच्या कडेला एक मिस्त्री आहे. गाडी आली की तो आधी ड्रायव्हरला पेडलबद्दल विचारतो. स्पंजासारखं लागतंय? नळीत हवा शिरली, हवा काढावी लागेल. दाबून धरलं की हळूहळू खाली बसतंय आणि बाहेर थेंब दिसत नाही? मास्टर सिलिंडरमधलं रबर गेलं, किट बदला. दगडासारखं कडक झालंय? बूस्टर बघा. मग इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल मारायला लावतो, दाबून धरायला सांगतो आणि इंजिन सुरू करतो. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर जिवंत. गाडी एका अंगाला ओढत असेल तर ड्रमं उघडतो, कुठल्या तरी लायनरवर तेल उतरलेलं सापडतं. स्टिअरिंग जड झालं असेल तर टाकीतलं तेल, पंप, बेल्ट, सील या क्रमाने. आणि स्टिअरिंग नि पेडल दोन्ही एकदम जड झाले, तर तो चाकांकडे जातच नाही. दोघांना ताकद इंजिनाकडनं येते, म्हणून आधी इंजिन.

मला या माणसाची रीत फार आवडते. दोष शोधताना तो कुणाला शिवी देत नाही. हे बिघडलं ते कशामुळे, आणि ते कशामुळे, असा मागे मागे जातो आणि हाताला फाटकं रबर लागेपर्यंत थांबत नाही. बुद्धाने दुःखाचं कारण असंच शोधलं. दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण दूर करता येतं. आपल्या विहारांत हे दर रविवारी म्हटलं जातं. गॅरेजात रोज केलं जातं.

आता घाट. लोणावळा-खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना भरलेल्या गाडीचं सगळं वजन पुढे ओढतं. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरात घाट चढशील त्याच गिअरात उतर. इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं, ब्रेकवर भार येत नाही. पण गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तर सगळा भार लायनरवर. ड्रम तापतो, लायनर पकड सोडतो, तेल उकळून नळीत वाफ होते आणि पेडल रिकामं खाली जातं. डॉट-३ जातीचं ताजं ब्रेक ऑइल साधारण २०५ अंशांपर्यंत टिकतं. पण हे तेल हवेतलं पाणी पितं, आणि पाणी मुरलेलं तेल १४० अंशांच्या आसपासच उकळू शकतं. लोणावळ्याच्या पावसात दोन-तीन पावसाळे तेच तेल गाडीत राहिलं, तर त्याचं काय होत असेल ते तुम्हीच ठरवा. त्यावर कोणी डिझेल वाचवायला इंजिनच बंद केलं, तर बूस्टर गेला आणि पॉवर स्टिअरिंगही गेलं. मग वळणावर चाक फिरवायला दोन माणसांचा जोर लागतो.

‘मग ड्रायव्हर न्यूट्रल मारतोच कशाला?’ हा प्रश्न चांगल्या घरातले लोक फार विचारतात. माझा चुलतभाऊ कॅन्टर चालवतो. त्याच्या मालकाचा हिशेब असा: ट्रिपला एवढं डिझेल. जास्त जळलं तर पगारातून कापणार, वाचलं तर तुझं. म्हणजे उतारावरच्या प्रत्येक किलोमीटरला मालकाने एक किंमत लावून ठेवली आहे आणि ती ड्रायव्हरच्या पोरांच्या ताटावर लिहिली आहे. मागे भावाचं पेडल खाली बसायला लागलं. मालकाला म्हणाला, “शेठ, किट टाकायला पाहिजे.” शेठ म्हणाला, “एवढी ट्रिप मार, शनिवारी बघू.” मी म्हणालो, “दादा, नाही म्हण की.” तर म्हणतो, “मी नाही म्हणालो तर किल्ली दुसऱ्याच्या हातात जाईल. पेडल तेच राहील.”

या वाक्यावर मी बरेच दिवस विचार करतो आहे. त्यातली लाचारी दिसते म्हणून गप्प बसावं, तर त्यात एक खोटही आहे. किल्ली दुसऱ्याने घेतली म्हणून माझ्या हातातल्या किल्लीचा हिशेब पुसला जात नाही. २६ जुलै २०२५ ला एक्सप्रेस-वेवर खोपोलीच्या बाजूला एका ट्रेलरचा ब्रेक उतारावर गेला, वीसेक गाड्यांना धडक बसली आणि एक बाई मेली. पोलिसांनी चालकाला ताब्यात घेतलं. त्या बाईच्या घरच्यांसमोर उभं राहून ‘व्यवस्था दोषी आहे’ असं म्हणायची माझी तरी छाती नाही.

आणि इथे मला आपल्याच मंडळींशी भांडायचं आहे. आपण ‘व्यवस्था’ हा शब्द फार सैल वापरायला लागलो आहोत. सगळ्याला व्यवस्था जबाबदार म्हटलं की कुणीच जबाबदार राहत नाही. नशिबाचंच ते नवं नाव झालं. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा बाबासाहेबांचा ग्रंथ त्यांच्यामागे १९५७ साली निघाला. त्यात ते मागच्या जन्मीच्या कर्माचा सिद्धांत खोडून काढतात आणि त्याचा उपयोग कुणाला होतो ते उघडं करतात. गरिबाच्या हालाचं खापर त्याच्याच पूर्वकर्मावर फोडलं की राज्य आणि समाज मोकळे. ‘चालकाचे नियंत्रण सुटले’ हे वाक्य तोच धंदा करतं. फरक इतकाच की मागचा जन्म आता मागच्या वळणावर आला आहे. पण याला उत्तर म्हणून आपणही बिनचेहऱ्याचा शब्द पुढे करणार असू, तर आपण बाबासाहेब वाचले कशाला?

माझं मत असं. दोष वाटायचा तर दोन मापांनी. कुणाला माहीत होतं, आणि कुणाला थांबवता येत होतं. पेडल खाली बसतंय हे भावाला माहीत होतं, मालकालाही. ट्रिप थांबवण्याची किंमत भावाला नोकरी, मालकाला एक दिवसाचं भाडं. माहिती सारखी, ताकद सारखी नाही. मग दोष सारखा कसा? भावाच्या वाट्याला काहीच नाही असं मी म्हणत नाही. त्याचा वाटा त्याचाच. पण आज तो सगळ्यांचा वाटा एकटा उचलतो.

कायद्याला हे अगदी कळत नाही असंही नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १९० धोकादायक गाडी चालवणाऱ्याइतकंच ती चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही धरतं. साधी काळजी घेतली असती तर कळला असता, असा दोषही त्यात येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगून ठेवलं आहे, की यंत्राच्या बिघाडाचं कारण पुढे करणाऱ्या मालकाने आपण सगळी काळजी घेतली होती हे सिद्ध करावं. पण ते भरपाईच्या खटल्यापुरतं. कोठडीत जातो तो ड्रायव्हर. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास ठरवले होते, पण पाच किंवा जास्त कामगार असतील तिथेच. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडचा ड्रायव्हर त्यात मोजलाच जात नव्हता. नव्या न्याय संहितेत पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा लिहिली तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये देशभर ड्रायव्हरांनी चाकं थांबवली. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवावं लागलं. तो का पळतो, हे त्या कलमात नव्हतं. जमाव पहिल्यांदा काचा फोडतो, मग माणूस. आपल्यातला असला तर आडनाव विचारून झाल्यावर हात आणखी मोकळे सुटतात.

याच घाटात रेल्वे १८६३ पासून आहे. घाट फोडताना किती मजूर पटकीने, सुरुंगाने गेले ते वेगळं लिहावं लागेल. पण रेल्वेवाल्यांनी एक गोष्ट केली. उतरणीवर कॅच सायडिंग ठेवलं. मुख्य रुळातून फुटून चढावर जाणारा आणि तिथेच संपणारा रूळ. सांधा मुळातच तिकडे लावलेला असतो. गाडी येऊन थांबली, म्हणजे ब्रेक शाबूत आहे हे दिसलं, की मगच खालचा मार्ग मिळतो. ब्रेक जाऊ शकतो, हे तिथे आधीच धरलेलं आहे. त्यात ड्रायव्हरचा अपमान नाही, त्याची काळजी आहे. मोठ्या ट्रकांच्या हवेच्या ब्रेकमध्येही थोडा तसाच विचार आहे. टाकीतली हवा संपली की मागच्या चाकांची स्प्रिंग सुटते आणि ब्रेक लागतो. तापलेल्या लायनरपुढे मात्र तोही हात टेकतो. तेलाच्या ब्रेकचं उलटं, तेल गेलं की ब्रेक गेला. नव्या गाड्यांत नळ्यांच्या दोन वाटा असतात, एक फुटली तर निम्मा उरतो. रस्त्यावर आपण काय लावलं? कॅमेरे. कॅमेऱ्याला वेग दिसतो, लायनर दिसत नाही.

जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट साहेबाला दाखवणारा धनगर, आणि साहेबाने त्यालाच गोळी घातली, असं सांगतात. ड्रायव्हर चालत्या गाडीतनं नाणं टाकतात. मी त्यांना हसत नाही. बारा-चौदा तास चाकावर बसलेल्या माणसाला कुणाचा तरी आधार लागतो. पण १५ एप्रिल २०२३ ला, १४ एप्रिलची रात्र सरता सरता, त्याच देवळाजवळ बस दरीत गेली. पुण्यात वाजवून गोरेगावला परतणारं ढोल-ताशाचं पथक. १३ जण गेले.

तेव्हा पुढचा अपघात झाला की मेणबत्त्यांच्या आधी चार कागद मागायचे. अपघातातली गाडी मोटार वाहन निरीक्षक तपासतो. त्याचा अहवाल मागा, त्यात मास्टर सिलिंडर, लायनर, तेल यांचं काय लिहिलंय ते वाचा. वजनकाट्याची पावती मागा. पासिंग कधी झालं ते बघा. आणि मालकाकडे जाऊन ब्रेकच्या किटचं शेवटचं बिल कुठल्या तारखेचं आहे ते विचारा, सोबत डिझेल-कपातीची वही. तो आधी हसेल, मग वकिलाला फोन लावेल. तोवर ड्रायव्हरचं घर शोधून ठेवा. त्याच्या बायकोला पोलीस ठाण्यात कुणी तरी सोबत लागते.