बैलाची खोड

माणदेशात एक शेतकरी होता. त्याच्याकडे एक खिलार बैल होता. रंगाने पांढराशुभ्र, चालीला देखणा. पण त्याला एक खोड होती. नांगराला जुंपला की तिसऱ्या तासाला तो मटकन खाली बसायचा. मग कितीही शेपूट पिरगाळा, उठायचा नाही.

पौषात खरसुंडीची यात्रा भरली. शेतकऱ्याने बैल विकायला नेला. बरोबर दहा वर्षांचा मुलगा होता. शेजारीही आपला बैल घेऊन आला होता.

गिऱ्हाईक आलं. त्याने बैलाचे दात पाहिले, खांदा दाबून पाहिला. रुमालाखाली हातात हात गेला. बोटं दाबली गेली, सोडली गेली, पुन्हा दाबली गेली. भाव ठरत आला. तेवढ्यात शेतकरी म्हणाला, "पाव्हणं, एक सांगून ठेवतो. नांगराला तिसऱ्या तासाला बसतो ह्यो. गाडीला मात्र झकास चालतो."

गिऱ्हाइकाने हात काढून घेतला आणि ते पुढे गेलं. दिवस कलता कलता दुसरं एक गिऱ्हाईक आलं. त्याला गाडीलाच बैल हवा होता. त्याने बराच कमी भाव दिला.

शेजाऱ्याचा बैल मारका होता. शेजारी काही बोलला नाही. त्याला चांगला पैसा मिळाला. येताना त्याने जिलेबीचा पुडा आणला. मुलगा वाटभर बापावर रुसून होता.

आठव्या दिवशी शेजाऱ्याच्या दारात तोच बैल उभा होता. बरोबर गिऱ्हाईक आणि त्याच्या गावची चार माणसं. बैलाने एका गड्याची मांडी फाडली होती. पैसे परत मागितले, तर शेजाऱ्याने त्या पैशांचे घरावर पत्रे घातलेले. शेवटी व्याजाने काढून द्यावे लागले.

मुलाने हे सगळं पाहिलं. पाहिलं आणि विसरला. मुलं विसरतातच.

पुढे मुलगा शिकला. दुबईला नोकरीला लागला. लग्न झालं, मुलगी झाली. शेतकऱ्याची बायको वारली, तेव्हा मुलगा गावी आला आणि म्हणाला, "आबा, आता इथं एकटं राहू नका. आपण सगळेच तिकडं राहू."

शेतकरी कबूल झाला. मग कागद सुरू झाले. दुबईत 2013 चा कायदा आहे. नोकरदाराचा आरोग्यविमा मालकाने काढायचा. बायको, मुलं, आईवडील यांचा मात्र ज्याने त्यांना व्हिसावर नेलं त्याने काढायचा. विमा नसेल तर व्हिसा पुढे सरकत नाही. आईवडिलांचा व्हिसा तर वर्षावर्षाने नवा करावा लागतो आणि त्याबरोबर विमाही.

मुलाने आधी हिशेब केला. म्हणाला, "आबा, तुमची इथली पॉलिसी बंद करू. तिचा उपयोग इथल्याच दवाखान्यात. तिकडं ती चालत नाही."

शेतकऱ्याने विचारलं, "मळा वाट्यानं दिला म्हणून विहीर बुजवतोस काय? उद्या परत आलो तर?"

मुलाने चौकशी केली. परत येऊन नवी पॉलिसी घेतली, तर जुन्या आजारांसाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, असं कळलं. त्याने इथला हप्ता चालू ठेवला.

मग तिकडचा फॉर्म आला. विमेवाला फोनवर होता. ओसरीवर बसून मुलगा रकाने भरत होता. नात शेजारी बसून मोठ्याने वाचत होती. तिला नुकतंच वाचायला येऊ लागलं होतं, त्यामुळे ती दिसेल ते वाचायची.

"नाव. जन्मतारीख. मधुमेह आहे का? नाही. रक्तदाब आहे का? नाही."

शेतकरी पाण्याचा तांब्या घेऊन गोळी घ्यायला बसला होता. त्याने स्टीलची डबी उघडली, गोळी तळहातावर घेतली आणि नातीला दाखवली. "मग ही कुणाची गं?"

नात म्हणाली, "तुमची. साखरेची."

मुलगा ओशाळला. म्हणाला, "आबा, खरं लिहिलं तर हप्ता दुप्पट होतोय. कोण बघायला येतंय?" फोनमधून विमेवालाही म्हणाला, "काका, सगळे असंच लिहितात."

शेतकऱ्याने गोळी गिळली. मग मुलाला विचारलं, "शेजाऱ्यानं त्या पैशाचं काय केलं होतं रं? पत्रेच घातलेलं न्हवं?"

मुलगा बराच वेळ गप्प बसला. मग त्याने मधुमेहापुढचं 'नाही' खोडलं. नऊ वर्षांपासून मधुमेह, असं लिहिलं. गोळ्यांची नावं लिहिली. डॉक्टरांचे जुने कागदही जोडले.

पहिल्या कंपनीने नकार दिला. सरळ सांगण्याचं बक्षीस लगेच मिळतं, असं नाही. दुसरी कंपनी तयार झाली, पण हप्ता दुप्पट. शिवाय पहिले 6 महिने आधीपासूनच्या आजाराचा खर्च देणार नाही, ही अट. मुलाने कुरकुरत पैसे भरले. डिसेंबरात सगळे दुबईला गेले.

जुलै महिना आला. शेतकऱ्याला अनवाणी चालायची जन्माची सवय. एके दुपारी तो तसाच इमारतीच्या अंगणात जाऊन आला. फरशी तव्यासारखी तापली होती. पण साखरेने तळपायाची जाणीव कमी झालेली, त्याला चटका कळलाच नाही. तिसऱ्या दिवशी नात आजोबांचे पाय चेपायला बसली. तिने तळवा पाहिला आणि आईला हाक मारली.

दवाखान्यात ठेवावं लागलं. जखम चिघळली होती. दवाखान्याने कंपनीकडे मंजुरी मागितली. कंपनीने उलट विचारलं, साखर केव्हापासून?

मुलगा काउंटरसमोर उभा होता. घाम फुटला होता. काउंटरवरच्या बाईने पडद्यावर फॉर्म काढला. डॉक्टरांचा कागद शेजारी धरला. कागदावर नऊ वर्षं. फॉर्मवरही नऊ वर्षं. महिने मोजले. सहा उलटून गेले होते.

संध्याकाळी मंजुरी आली. वीस टक्के मुलाने भरायचे, बाकी कंपनीने.

मुलाने खाटेजवळ येऊन बापाला सांगितलं. शेतकरी म्हणाला, "म्हंजे बैल परत आला न्हाई म्हणायचा."

मुलगा हसला. शेतकरी कुशीवर वळला आणि म्हणाला, "खोड सांगितली की भाव उतरतो, लेका. पण सौदा मोडत न्हाई."

डिसेंबरात व्हिसा नवा करायची वेळ आली. पुन्हा तोच फॉर्म आला. गेल्या वर्षात दवाखान्यात राहिलात का, असा एक रकाना होता. नातीने तो मोठ्याने वाचला आणि वडिलांकडे पाहिलं.

मुलाने लिहिलं, हो. पायाची जखम, जुलै.

हप्ता आणखी वाढला. मुलाने भरला.