गारंबीची बी



आज वाचनात गीतेचा तेरावा अध्याय होता. भगवंत ज्ञानाची लक्षणं सांगतात ती मोठी यादी. त्यात शेवटाकडे एक लक्षण येतं: एकांत जागेची आवड आणि गर्दीत मन न रमणं. खरं सांगते, इथे आले की मला नेहमी बरं वाटायचं. ऑफिस, ट्रॅफिक, रात्री बारापर्यंत वाजणारे ग्रुप, या सगळ्यातून डोंगरात पळून जावंसं वाटतं म्हणजे माझ्याकडे निदान एक तरी लक्षण आहे की!

मे महिन्यात आमचा नामस्मरणाचा ग्रुप भोरच्या पश्चिमेला गेला होता. नीरा-देवघर धरणाच्या पाण्याकडेने वरंध घाटाकडे रस्ता जातो, त्या बाजूला. भोर आणि वेल्हे (आता राजगड तालुका) या पट्ट्यात अजून देवराया टिकून आहेत. उन्हाळ्यात तिथले उतार बघा, गवत वाळून पिवळं, मध्येमध्ये भाताच्या रोपांसाठी राब भाजल्याचे काळे चौकोन. आणि त्या सगळ्यात एकच गर्द हिरवा ठिपका. समुद्रात बेट दिसावं तसा. आत पाऊल टाकलं की ऊन संपतं, पायाखाली पाचोळा मऊ लागतो. गारंबीच्या मांडीएवढ्या जाड वेली झाडांवर चढलेल्या, त्यांच्या हातभर लांब शेंगा वर लोंबतायत. मध्ये शेंदूर लावलेले चार दगड. वर छप्परसुद्धा नाही. अशा देवांना छप्पर आवडत नाही म्हणतात.

१९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वर्तक या अभ्यासकांनी पश्चिम घाटातल्या अशा देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा शहरातल्या शिकलेल्या लोकांना या जंगलांची किंमत कळायला लागली. गावाला ती आधीपासून माहीत होती. नियम साधा, देवाच्या रानातून काडी न्यायची नाही. वाळलेलीसुद्धा नाही.

आम्ही काय केलं? बसलो, आणि ब्लूटूथ स्पीकरवर भजन लावलं. वर एक शेकरू होतं. आपला राज्यप्राणी, तांबूस पाठ, झुबकेदार शेपूट, प्रत्यक्षात मी पहिल्यांदाच पाहत होते. त्याने खडखड आवाज करून ओरडायला सुरुवात केली आणि एका फांदीवरून दुसरीवर उड्या मारत निघून गेलं. आमच्यातला एक जण म्हणाला, बघा, नामाला साथ देतंय! आम्ही हसलो. ते इशाऱ्याचं ओरडणं होतं, हे मला घरी आल्यावर वाचून कळलं.

निघताना पाचोळ्यात गारंबीची एक बी दिसली. चपटी, गुळगुळीत, गडद तपकिरी, तळहाताच्या खळग्यात बरोबर बसणारी. मी ती उचलली. प्रसाद म्हणून! वाटेत गुरं घेऊन येणाऱ्या एका आजींनी माझ्या हातात ती पाहिली.

"ते देवाचं हाय गं बाई."

मी विचारलं, "आजी, नेलं तर काय होतं? देव कोपतो का?"

त्या जरा थांबून म्हणाल्या, "काय न्हाय व्हत. पन मग ते देवाचं ऱ्हात न्हाय."

मी हसून नमस्कार केला आणि बी पर्समध्ये टाकली. तेव्हापासून ती आमच्या देवघरात आहे, बाळकृष्णाशेजारी. रोज तिला हळदकुंकू लागतं.

आज यादी पुन्हा वाचताना लक्षात आलं, एकांताची आवड शेवटाकडे येते. अहिंसा येते तिसऱ्या क्रमांकाला. आणि ज्ञानेश्वर माउली या अहिंसेवर किती वेळ थांबतात! अहिंसक माणूस चालतो कसा, तेच किती प्रेमाने सांगितलंय. कमळावर उतरताना केसर चुरगळेल म्हणून भुंगा पाय जपून ठेवतो, तसा तो जमिनीवर पाय ठेवतो. मी मधली सगळी पानं ओलांडून थेट एकांताकडे गेले होते. शांतता हवी होती ती मला. तिथे आधीपासून राहणाऱ्यांची शांतता माझ्या हिशोबातच नव्हती.

तुम्ही म्हणाल, नाम घेण्यात हिंसा कसली? मीही दिवसभर स्वतःशी हेच भांडले. नामात नाहीच. स्पीकरमध्ये होती. मनातल्या मनात घेतलं असतं तर शेकरू तिथेच राहिलं असतं, आणि विठ्ठलाला ऐकू आलं नसतं असं थोडंच आहे!

बीचं मात्र जास्त अवघड आहे. सगळंच देवाचं, मग रानातून देवघरात आणलं तर कुठे चोरी झाली? हा युक्तिवाद मला फार आवडला होता, आणि म्हणूनच आता त्याची शंका येते. "सगळं देवाचं" हे वाक्य मी नेहमी घेताना वापरते, देताना क्वचितच. तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी परत काही न देता उपभोगणाऱ्याला सरळ चोर म्हटलंय. आपण म्हणतो, गावकरी भीतीने नियम पाळतात, आपण समजून उमजून भक्ती करतो. पण आजींच्या बोलण्यात भीती नव्हतीच. त्यांना ठाऊक होतं की ते रान टिकलंय ते कुणीही "एकाने काय होतंय" असा हिशोब न केल्यामुळे. हिशोब मी केला, आणि वर त्याला प्रसाद म्हटलं.

गारंबीच्या बीचं कवच फार कठीण असतं. या जातीच्या बिया समुद्रात पडल्या तर महिनोन् महिने तरंगत दूरच्या बेटांवर जाऊन रुजतात. माझ्या देवघरात, चांदीच्या वाटीत, ती कधीच रुजणार नाही.

आई म्हणाली, एका बीसाठी पेट्रोल जाळत जाणार का? बरोबर आहे तिचं. म्हणून रविवारी स्वारगेटहून भोरची एसटी. पुढे मिळेल ते वाहन, नाहीतर चालत. एकटीच जाणार आहे, स्पीकर नाही. बी आज वाटीतून काढून रुमालात बांधली, हळदकुंकू धुवून. त्या आजी वाटेत भेटल्या तर काय म्हणायचं, ते अजून सुचलेलं नाही.