उसने धाडस

माझ्या लिहिण्याच्या टेबलासमोर भिंतीवर एक छायाचित्र टांगलेले आहे. त्यात मी आहे. डोक्यावर पिवळे शिरस्त्राण, अंगात फुगीर जाकीट, हातात उंचावलेले वल्हे, आणि तोंड असे उघडलेले की जणू नुकताच एखादा गड सर केला आहे. मागे नदीचे पांढरेशुभ्र उसळते पाणी. घरी येणारा पाहुणा ते पाहतो आणि म्हणतो, “वा, मास्तर! तुम्ही कादंबऱ्या लिहिता एवढेच ठाऊक होते!” पहिले काही महिने हे ऐकताना मला गुदगुल्या होत. हल्ली मात्र मी चहा सांगण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघराकडे वळतो. त्या छायाचित्रात दोन माणसे दिसत नाहीत, आणि ती दिसत नाहीत हीच त्या छायाचित्राची लबाडी आहे.

हकीकत अशी. गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही चार-पाच शिक्षकांनी कोलाडला जायचे ठरवले. मुंबई-गोवा रस्त्यावर, मुंबईपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरांवरचे हे रायगड जिल्ह्यातले गाव. तिथे कुंडलिका नदीत रबरी तराफ्यावर बसून, खडकांतून फेसाळत धावणाऱ्या पाण्यावरून बारा-चौदा किलोमीटर जायचे. याला राफ्टिंग म्हणतात. शीव कोळीवाड्यात राहणाऱ्या माणसाने पाण्याला भिऊ नये, अशी माझी आपली एक समजूत. वास्तविक मी कोळी नव्हे. आणि आमच्या वाड्याजवळची खाडीही भरावामागे कधीच दूर हटली आहे. फाळणीनंतर इथे पंजाबी निर्वासित आले, पुढे स्टेशनाचे नाव गुरू तेग बहादूर नगर झाले, आणि ‘कोळीवाडा’ हा शब्द तळलेल्या कोळंबीला चिकटून गावोगावच्या खाणावळींत पोचला. पण माणसाला नसलेल्या वारशाचाही अभिमान वाटतोच.

बरोबर माझा भाचा होता. सोळा वर्षांचा, अबोल मुलगा. ताईने त्याला सुट्टीपुरता माझ्याकडे धाडला होता, “जरा धीट कर त्याला,” असे सांगून. नदीकाठी आमच्यापुढे एक छापील हमीपत्र आले. काही बरेवाईट झाले तर जबाबदारी ज्याची त्याची, अशा अर्थाचे. माझ्या नावापुढे मी सही केली. भाचा अज्ञान, म्हणून त्याच्या नावापुढेही मीच केली. दोन्ही सह्या सारख्याच झोकदार आल्या. एक दुसऱ्याच्या जिवाची आहे, हे हाताला कळले नाही.

आम्ही पोचलो तेव्हा नदी जवळजवळ नव्हतीच. नुसते काळे धोंडे, मधूनमधून डबकी, आणि त्यांत ऊन खाणारे बगळे. आमच्या तराफ्याचा वाटाड्या जवळच्याच गावातला, पंचविशीचा तरुण. तो म्हणाला, “पाणी अजून सुटायचंय, सर. भिऱ्याची वीजघरं चालली की येईल.” आणि खरोखरच काही वेळाने ते आले. गर्जत नव्हे, चोरपावलांनी. एकेक धोंडा बुडत गेला, बगळे उठले, आणि पाहता पाहता समोर नदी उभी राहिली.

तोवर तो आम्हाला शिकवत होता. पाय तराफ्याच्या आडव्या फुगीर पट्ट्याखाली कसे रोवायचे, वल्ह्याची मूठ तळव्याने का झाकायची (नाहीतर शेजाऱ्याचे दात पडतात), आणि पाण्यात पडलात तर उभे राहण्याचा प्रयत्न का करायचा नाही. वाहत्या पाण्यात पाय खडकाच्या फटीत अडकला, तर कमरेइतके पाणीही माणसाला आडवे करून बुडवते. म्हणून उताणे व्हायचे, पावले प्रवाहाच्या दिशेला पुढे करायची आणि दोराची वाट पाहायची.

एवढे ऐकून भाचा म्हणाला, “मामा, मला नको. मला भीती वाटते.”

आणि मी, वीस वर्षे मुलांसमोर उभा राहणारा मास्तर, सगळ्यांदेखत हसून म्हणालो, “अरे, बायकापोरं बसतायत! कोळीवाड्यात राहतोस आणि डबक्याला भितोस?” सगळे हसले. पोराचे कान लाल झाले. तो मुकाट्याने जाकिटाचे बंद आवळू लागला.

वाटाड्या हसला नाही. तो त्याच्यापाशी गेला, बंद सोडले आणि मला म्हणाला, “सर, भीती वाटते म्हणणाऱ्याला मी बिनधास्त घेतो. पण नको म्हणणाऱ्याला घेत नाही. तो गाडीनं खाली येईल.” भाचा काठावर राहिला. आम्ही निघालो.

पुढचे दोन तास अपूर्व होते, हे मी नाकारणार नाही. पाण्याची जीभ जिथे दोन खडकांमधून निमुळती होत घुसते, तिथे तराफा क्षणभर थबकल्यासारखा होई आणि मग पोटात खड्डा पडून आम्ही खाली कोसळत असू. समोरून लाट थोबाडात बसे. मागून हुकूम येई, “पुढे! जोरात! थांबा! खाली बसा!” आणि आम्ही तसतसे करीत असू. जगभर अशा प्रवाहांची एक ते सहा अशी प्रतवारी लावतात, आणि कुंडलिका साधारण दोन-तीनच्या घरातली, हे मला नंतर समजले. त्या क्षणी मात्र आपण सहाव्या इयत्तेत आहोत, अशी माझी खात्री होती. शेवटच्या खळाळातून बाहेर पडताना मी वल्हे उंचावून ओरडलो. तेच ते छायाचित्र. वाटाड्या माझ्या मागे, तराफ्याच्या टोकाला बसला होता. तो चौकटीच्या बाहेर राहिला. भाचा तर काठावरच होता.

परतल्यावर चार दिवसांनी आमच्या गल्लीतले एक वृद्ध कोळी घरी आले. सारे त्यांना नाखवा म्हणतात. त्यांचे तारुण्य होडीवर गेले, आणि त्यांचा धाकटा भाऊ एका वादळात गेला तो परत आला नाही. मी छायाचित्र दाखवून सारी कथा रंगवून सांगितली. त्यांनी शांतपणे विचारले, “मास्तर, दगड कुठं हाय, पानी कुठनं घुसतंय, ते कोन बघत व्हता?”

“आमचा वाटाड्या.”

“मंग होरी त्यानं नेली. तुमी बसलात.”

मी भाच्याची गोष्टही सांगितली, थोडी हसून. नाखवा हसले नाहीत. म्हणाले, “त्या पोराला पानी दिसला, मास्तर. तुमाला फोटू दिसला.”

ते निघून गेले, पण ते वाक्य गेले नाही. दर साल नववीच्या वर्गाला ‘साहस’ या विषयावर निबंध लिहायला लावणारा मी, त्या रात्री स्वतःच हिशेब मांडत बसलो. त्या दिवसाच्या धाडसात माझे स्वतःचे काय होते? जाकीट भाड्याचे. कौशल्य वाटाड्याचे. कोणता खडक कोणत्या लाटेखाली दडला आहे हे ज्ञान त्याचे. त्याने रोज त्या वाटेवर जीव घालून मिळवलेले ते शहाणपण मी एका सकाळीपुरते विकत घेतले होते. उरली नदी. ती तरी आपली होती का?

तिचा विचार करू लागलो आणि फार मागे जावे लागले. मे महिन्यात कुंडलिकेला जे पाणी येते ते बहुतांशी तिचे नव्हेच. ते सह्याद्रीपलीकडचे, मुळा आणि नीला या नद्यांचे. आपल्या वाटेने ते पुण्याकडे, तिथून भीमेत, कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जायचे. मुळशीला धरण बांधून ते अडवले, आणि डोंगर पोखरून सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात भिऱ्याला पाडले. तिथले वीजघर १९२७ साली सुरू झाले. वीज हवी होती मुंबईला. सह्याद्रीतल्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना १९१५ पासूनच मिळू लागली होती, पण शहराची भूक वाढत होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेची आगगाडी व्हीटीहून कुर्ल्याला धावली ती हार्बर मार्गाने, म्हणजे आमच्या कोळीवाड्याच्या अंगावरून.

त्या धरणाखाली पन्नासच्या आसपास गावे जायची होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना मिळाली ती याच लढ्यात. तीनेक वर्षे माणसे तुरुंगात गेली, लढली आणि हरली. भातखाचरे, देवळे, चुली पाण्याखाली गेल्या. त्या लोकांच्या धाडसाला जाकीट नव्हते, आणि त्यांचे घरही परत येणार नव्हते. मी ज्या पाण्यावर किंचाळून आनंद लुटला, ते त्यांच्या उंबरठ्यांवरून आलेले होते. आणि वाटेत माझ्यासारख्या शहरवाल्यांचे दिवे लावून, काम संपल्यावर, रेवदंड्याच्या समुद्राकडे चालले होते. एकाच पाण्याचे मी दोनदा देणे लागत होतो.

मग उसने धाडस खोटेच का? तसेही म्हणवत नाही. अमेरिकेत कोलोरॅडो नदीच्या प्रचंड दऱ्यांतून १८६९ साली जॉन वेस्ली पॉवेल हा एक हात गमावलेला माणूस प्रथम नावा घेऊन गेला, तेव्हा त्याला वाटाड्या नव्हता, नकाशा नव्हता. तीन महिन्यांनंतर, एका भयंकर खळाळापाशी, त्याच्या तीन सोबत्यांनी पुढे यायला नकार दिला आणि ते दरीचा कडा चढून निघून गेले. उरलेले सहा जण दोन दिवसांत सुखरूप बाहेर पडले. ते तिघे कुणाला पुन्हा दिसले नाहीत. पॉवेलने त्यांना भित्रे म्हटले नाही. निरोप घेताना दोन्ही बाजूंना वाटत होते की दुसराच अधिक धोक्याच्या वाटेने निघाला आहे, असे त्याने लिहून ठेवले. ज्याने खरोखर जीव पणाला लावला होता त्याला दुसऱ्याच्या भीतीची टवाळी करावीशी वाटली नाही. आता त्या नदीवरही १९६३ पासून ग्लेन कॅन्यनचे धरण आहे, आणि विजेच्या मागणीप्रमाणे सुटणाऱ्या पाण्यावर वाटाडे प्रवाशांना नेतात. जगातल्या पुष्कळशा रानटी नद्या आता वेळापत्रकाने वाहतात.

माझ्या हिशेबाचा ताळा शेवटी असा लागला. उसने घेणे ही लाजेची गोष्ट नाही. आपले सारे आयुष्यच उसनवारीवर चालते. भाषा आईची उसनी, विद्या गुरूची, दिव्यातला उजेडही कुणाच्या तरी बुडालेल्या खाचरांतून आलेला. वाटाड्याच्या हाती जीव सोपवणे हेही हलके काम नव्हे. त्याला विश्वास म्हणतात, आणि तो सुंदर आहे. लाज आहे ती उसने घेतलेले आपले म्हणून मिरवण्यात. विश्वासाला मी पराक्रमाचे नाव दिले, तिथे मी खोटा पडलो. आणि त्या खोट्या मापाने एका मुलाला मोजले, तिथे दुष्ट झालो. त्या दिवशी नदीकाठी माझ्या सबंध टोळीत अस्सल स्वतःची म्हणावी अशी गोष्ट एकाच माणसापाशी होती. त्याची भीती. ती त्याने लपवली नाही. दहा हसणाऱ्यांसमोर “मला नको” म्हणायला जे लागते ते भाड्याने मिळत नाही.

गणपतीत ताईकडे गेलो तेव्हा मी भाच्याजवळ बसलो. म्हटले, “त्या दिवशी मी चुकलो रे.” तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “मामा, मी गाडीतून पूर्ण वेळ तुमचाच तराफा शोधत होतो. तुम्ही पडाल, अशी भीती वाटत होती.” मला त्यावर काही बोलता आले नाही. ज्याला मी भित्रा म्हटले, त्याच्या भीतीत माझ्यासाठीही जागा होती. माझ्या धाडसात त्याच्यासाठी नव्हती.

छायाचित्र मी काढून टाकलेले नाही. त्याच्याखाली एक पणती ठेवायची जागा केली आहे. दिवाळीत सारे घर विजेच्या माळांनी उजळते, तेव्हा ती एक तेलाची पणती मी स्वतः लावतो. मुळशीच्या नावाने, त्या वाटाड्याच्या नावाने. यंदा भाचा दिवाळीला आमच्याकडे येणार आहे. पणती लावताना त्यालाही हात लावायला सांगेन. आणि “नको” म्हणाला, तर आग्रह करणार नाही.