दैव आणि हात



सज्जनहो, मागे एका गावी हरिनाम सप्ताहात आमची सेवा होती. चरित्र गोरोबाकाकांचे लावले होते. तेरचे गोरोबा माती तुडवीत आहेत, मुखी विठ्ठलनाम, देहाची शुद्ध नाही, आणि पोटचे पोर रांगत रांगत चिखलात येऊन पायाखाली गेले, इथवर आम्ही आलो. तोच मंडपाच्या मागल्या अंगाला बसलेला एक चाळिशीचा गृहस्थ उठला आणि मान खाली घालून निघून गेला. आमचे लक्ष गेले, पण कीर्तन थांबले नाही. पुढे पंढरीस नामदेवरायांच्या कीर्तनात पोर पुन्हा जिवंत होऊन आले, तो भाग आम्ही चांगला रंगवला. टाळ्या पडल्या, गजर झाला.

पंगतीत बसलो तेव्हा कळले. दोन वर्षांपूर्वी अंगणात ट्रॅक्टर मागे घेताना त्या गृहस्थाचेच तीन वर्षांचे लेकरू चाकाखाली गेले होते.

घास उतरेना. रात्रीच त्याच्या घरी गेलो आणि जे आपण सगळेच बोलतो ते बोललो. म्हटले, "बाबा, प्रारब्ध होते. त्यापुढे कोणाचे चालते?" तो जरा वेळाने म्हणाला, "महाराज, ट्रॅक्टर प्रारब्धानं नाही मागं घेतला. मी घेतला. तुमच्या गोष्टीतलं पोर परत आलं, माझं नाही आलं."

आम्ही प्रस्थानत्रयी गुरूंच्या पायाशी बसून वाचली आहे. त्या रात्री तिच्यातले एक अक्षर उपयोगी पडले नाही. मुकाट्याने उठून आलो.

पुढे आमच्या नित्याच्या श्रोत्यांपैकी एका प्राध्यापकांना हे सांगितले. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी एका ग्रीक नाटकाचे मराठी भाषांतर आणून हाती दिले. सोफोक्लिस नावाच्या नाटककाराचे हे नाटक, ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातले, अथेन्स नगरीतले. तिथे अशी नाटके डायोनिसस देवाच्या उत्सवात होत. पंधरा जणांचा वृंद मध्येच गात, नाचत असे. आमच्या टाळकऱ्यांची आठवण झाली. असो.

कथा इडिपस राजाची. थीब्ज नगरीचा राजा लायस याला डेल्फीच्या अपोलो देवाकडून कळले की, तुझा पुत्र तुझा वध करील. पुत्र झाला. त्याचे घोटे टोचून बांधले आणि डोंगरावर टाकून देण्यास धनगराच्या हाती दिला. धनगराला दया आली. त्याने पोर दुसऱ्या धनगराला दिले, आणि ते कोरिंथच्या निपुत्रिक राजाच्या घरी वाढले. मोठेपणी कोणी दारूच्या भरात बोलले, तू यांचा खरा मुलगा नव्हेस. इडिपस डेल्फीला गेला. आपले आईबाप कोण, हे विचारायला गेला. त्याचे उत्तर मिळालेच नाही. वाणी झाली ती ही की, तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील. बिचारा हादरला. कोरिंथला पाऊल टाकायचे नाही असे ठरवून उलट्या वाटेने निघाला. आईबापांचा घात होऊ नये म्हणून पळाला, आणि पळाला तो थेट खऱ्या बापाच्या रथापुढे. तीन वाटा मिळतात तिथे रथवाल्याने त्याला ढकलले, रथातल्या म्हाताऱ्याने डोक्यात काठी घातली. याने रागाच्या भरात म्हाताऱ्याला आणि सेवकांना मारले. एक तेवढा निसटला. पुढे थीब्जवरचे स्फिंक्स राक्षसीचे संकट याने बुद्धीने टाळले. लोकांनी राजा केले, विधवा राणी दिली. चार लेकरे झाली. ती राणी जोकास्टा, त्याची आई.

नाटक सुरू होते ते याच्या पुष्कळ वर्षांनंतर. नगरात साथ पसरली आहे. लायसचा खुनी शोधून घालवा, अशी देवाची आज्ञा येते आणि राजा स्वतःच खुन्याला शाप देऊन शोधाला लागतो. शोध जवळ येतो तशी राणी विनवते, पुरे कर. म्हातारा धनगर हात जोडतो, पुढे विचारू नकोस. हा ऐकत नाही. शेवटी सत्य उघडे होते. राणी गळफास घेते, आणि तिच्याच वस्त्राचे टाचणे काढून हा आपले डोळे फोडून घेतो.

वाचताना आम्हालाही प्रथम वाटले की, दैवापुढे माणूस म्हणजे वाऱ्यावरचे पान, एवढेच ग्रीकांना सांगायचे आहे. दुसऱ्यांदा वाचले तेव्हा तसे दिसेना. वाणीने भविष्य सांगितले, पण हात धरून कोणी त्याला काठी मारायला लावली नाही. तिठ्यावरचा राग त्याचा होता. सत्याचा पिच्छा पुरवण्याचा हट्टही त्याचाच; डेल्फीच्या वाणीत तो नव्हता. आंधळा होशील, असे टायरेसिअस द्रष्टा सांगून गेला होता खरे. तरीही डोळे कोणी फोडले, असे वृंद विचारतो, तेव्हा इडिपस दोन गोष्टी वेगळ्या करतो. दुःख अपोलोने आणले, पण घाव घालणारा हात माझाच, दुसऱ्या कोणाचा नव्हे. इथे आम्ही पुस्तक मिटून ठेवले. ट्रॅक्टरवाल्या गृहस्थाने दुसरे काय सांगितले होते?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवे दैव. पाचवे, हे ध्यानात घ्यावे. आपण लोक पहिली चार गाळून एकदम पाचव्यावर उडी मारतो. बहुधा दुसऱ्याच्या दुःखापाशी फार वेळ बसावे लागू नये म्हणून! आम्हीही त्या रात्री तेच केले.

पण कर्ता म्हणजे अपराधी काय? नव्हे. ॲरिस्टॉटलने अशा नाटकांवर लिहिताना हामार्तिया हा शब्द वापरला आहे. कित्येक जण त्याचा अर्थ स्वभावदोष असा करतात. आम्हाला तो प्रमाद, नकळत चुकलेला नेम, असाच बरा वाटतो. आपल्या धर्मशास्त्रातही जाणून केलेले आणि अजाणता घडलेले एका मापाने मोजत नाहीत. दशरथाचा बाण पाण्याच्या आवाजावर सुटला. हत्ती समजून सुटला, ऋषिकुमाराला लागला. वेदान्ती प्रारब्धाला सुटलेल्या बाणाचीच उपमा देतात. बाण परत बोलावता येत नाही. पण दशरथ पळून गेला नाही. कुमाराच्या आंधळ्या आईबापांपुढे स्वतः जाऊन उभा राहिला आणि जे घडले ते आपल्या तोंडाने सांगितले. ते बाणाने केले नाही, दशरथाने केले. क्रियमाण म्हणतात ते हेच.

सोफोक्लिसने म्हातारपणी इडिपसवर आणखी एक नाटक लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर, ख्रिस्तपूर्व 401 मध्ये रंगभूमीवर आले. त्यात आंधळा इडिपस मुलीचा, अँटिगनीचा, हात धरून कोलोनस गावी येतो. नाव कळताच गावकरी निघून जा म्हणतात. तो सांगतो, मी जाणून काही केले नाही. केले त्यापेक्षा भोगलेच अधिक. अथेन्सचा राजा थिसिअस त्याला आसरा देतो. पुढे थिसिअस त्याच्या हरवलेल्या मुली सोडवून आणतो, तेव्हा आनंदाने इडिपस हात पुढे करतो आणि तसाच मागे घेतो. आपल्यासारख्याने या चांगल्या माणसाला शिवावे कसे? निर्दोष आहे हे तोंडाने पटवतो, पण हाताला पटत नाही. या एका जागेसाठी आम्ही त्या नाटककाराला मनोमन दंडवत घातला.

हे सगळे त्या गृहस्थाला सांगावे म्हणून पुन्हा त्या गावी गेलो. सांगितले. दैव नव्हते असे म्हटले नाही, तुझा हात नव्हता असेही म्हटले नाही. तो ऐकत राहिला. शेवटी एवढेच विचारले, "त्या आंधळ्याला गावात ठेवून घेतलं का हो?" म्हटले, घेतले. त्याचा शेवटही तिथेच झाला, देवाने हाक मारून नेले.

आषाढीला तो आमच्या दिंडीत आला. वाखरीच्या मुक्कामी एकमेकांच्या पाया पडणे चालले होते. हा प्रत्येकाच्या पाया पडे, पण कोणी वाकले की पाय मागे ओढी. डोईवर तुळस घेतलेली एक म्हातारी, याचे काहीच ठाऊक नसलेली, तुळस लेकीकडे देऊन त्याच्यापुढे वाकली. याने पाय ओढले. ती तशीच वाकलेली राहून म्हणाली, "अरे बाबा, पाय दे की रं. कंबर दुखतीय माझी."

त्याने पाय पुढे केला.