पटावर कोण दिसतं?

साताऱ्यात आमच्या लहानपणी दिवाळीचा किल्ला मोडायची एक रीत होती. पेरलेलं अळीव वाळून पिवळं पडलं, की एका संध्याकाळी उरलेले सुतळी बॉम्ब बुरुजात पुरायचे. त्याआधी चित्रं काढून घ्यायची. किल्ल्यावर मांडायच्या बाहुल्यांना आमच्याकडे चित्रंच म्हणतात. आधी महाराज निघायचे, मग तोफा, मग मावळे. पायथ्याच्या गावातला भाजीवाला आणि विहिरीवरची बाई कधी निघायची, कधी राहायची. वात पेटवताना त्यांच्याकडे कुणी बघत नसे.

हे आठवायचं कारण सांगलीतला एक खेळ. नोकरीसाठी इथं आल्यावर आम्ही पाच जण शनिवारी रात्री 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळायला लागलो. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. पात्रानं काय करायचं ते खेळाडू ठरवतो आणि जमलं की नाही ते फासा ठरवतो. सांगणाऱ्याला आम्ही सूत्रधार म्हणतो. सांगलीत दुसरा शब्द सुचणं अवघड होतं. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हा सूत्रधार पदं गाई आणि नट त्या धाग्यावर आपापली भाषणं जागच्या जागी रचत. आमचाही मामला फारसा वेगळा नाही.

या खेळात लढाई दोन तऱ्हांनी चालवता येते. चौकोन आखलेल्या पटावर बाहुल्या मांडून, किंवा काही न मांडता नुसत्या बोलण्यावर. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ छापला, तो बाहुल्यांच्या युद्धखेळांतूनच निघालेला होता; तरी बाहुल्या हव्यातच असं त्यांनी म्हटलं नव्हतं. तेव्हापासून खेळणाऱ्यांत यावर वाद आहे. तो बहुतेक वेळा सोयीचा वाद मानला जातो. मलाही तसंच वाटे.

आम्ही आधी नुसत्या बोलण्यावर खेळायचो. पोवाडा ऐकत वाढलेल्या माणसाला त्यात काही कमी वाटत नाही. शाहीर डफावर थाप मारतो आणि प्रतापगडाचा पायथा डोळ्यांपुढं उभा राहतो. पण पोवाडा ऐकणाऱ्याला काही ठरवायचं नसतं. त्याच्या मनातला शामियाना शेजारच्याच्या मनातल्यापेक्षा चार हात लांब असला, तरी बिघडत नाही. आमचं बिघडलं. एका पुलावरच्या लढाईत माझ्या मनात मी दगडी खांबामागं होतो. सूत्रधाराच्या मनात मी पुलाच्या मधोमध होतो. बाण आला, फासा पडला, सात महिने खेळलेलं माझं पात्र मेलं.

"मी खांबामागं होतो."

"तसं तू बोलला नाहीस."

दोघंही खरं बोलत होतो. पण जो पूल फक्त मनात आहे, त्यावर वाद झाला की सूत्रधाराचा पूल खरा ठरतो. तो लबाड असावा लागत नाही; सत्ता त्याच्याकडे असली की पुरतं. मी चार शनिवार गेलो नाही.

परत गेलो ते पट मांडायच्या अटीवर. सांगलीत बुद्धिबळाची प्यादी कुणाच्याही घरी सापडतात. आमची पांढरी, शत्रूची काळी. एक चौकोन म्हणजे पाच फूट. भांडणं खरंच थांबली. जागा सगळ्यांना सारखी दिसत होती, सूत्रधारालाही ती बांधील होती.

मग एका रात्री दरोडेखोर पळत होते. पटावर आठ काळी प्यादी. माझं नवं पात्र मांत्रिक होतं, त्याच्याकडे वीस फूट त्रिज्येचा आगीचा गोळा. मी चौकोन मोजले. गोळा बरोबर एका जागी टाकला, तर आठही सापडत होती आणि आमची दोन पांढरी एका चौकोनानं वाचत होती. हिशेब जमल्यावर सगळ्यांनी टाळ्या दिल्या. सूत्रधार जरा वेळानं म्हणाला, "त्यातले दोघं दोरीनं बांधलेले गावकरी होते. मी सांगितलं होतं."

त्यानं सांगितलं होतं. तिघांना ते पुसटसं आठवतही होतं. पण आम्ही चौकोन मोजत होतो, आणि पटावर ते दोघं इतर सहांसारखेच काळे होते.

एक मित्र म्हणाला, प्यादी आहेत, सोडून दे. मला ते म्हणता येईना. काल्पनिक माणसाच्या मरणासाठी मी चार शनिवार रुसलो होतो, न्याय मागितला होता. माझं पात्र मेलं तेव्हा तो अन्याय, आणि हे दोघं जळाले तेव्हा तो नुसता खेळ, हे दोन्ही एकदम कसं खरं असेल? फरक एवढाच, की माझ्या पात्राच्या बाजूनं बोलायला मी टेबलाशी बसलो होतो. त्यांच्या बाजूनं खुर्चीच नव्हती.

तेव्हापासून मला वाटतं, बाहुल्या हव्यात की नकोत हा प्रश्न कोण दिसेनासं होतं याचा आहे. पट नसला की खेळणाऱ्यांमधला दुबळा दिसेनासा होतो, कारण खरं काय ते एकाच्या तोंडात राहतं. पट असला की खेळणारे एकमेकांशी सरळ वागतात. पण ज्यांच्यावर खेळ चाललाय ते मोजायच्या वस्तू होतात. वरून बघितल्यावर अंतर अचूक कळतं, हाताची दोरी दिसत नाही. आणि आपसांतला चोख व्यवहार इतका समाधान देतो, की बाकी न्यायही झालाच असं वाटू लागतं. मला त्या टाळ्यांचीच जास्त लाज वाटते.

आम्ही पट ठेवलाय. फक्त प्याद्यावर घाव घालण्याआधी, ते कोण आहे आणि काय करतंय, हे घाव घालणाऱ्यानं मोठ्यानं बोलायचं. आठवत नसेल तर सूत्रधाराला विचारायचं. खेळ यानं रेंगाळतो. एकदोघांना कंटाळा येतो, आणि त्यांचं अगदीच चूक आहे असंही नाही.

गेल्या दिवाळीनंतर साताऱ्याला गेलो होतो. भाच्याचा किल्ला मोडायचा होता. त्यानं महाराज काढले, मावळे काढले, आणि माचिस मागितली. मी म्हटलं, "थांब, अजून कोण राहिलंय बघ." त्यानं वाकून बघितलं. विहिरीवरची बाई मातीत अर्धी रुतली होती. ती ओढताना तिचा हंडा तुटला.