पोकळ ठिपका भरतो तेव्हा

‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेतल्या कॅप्टन पिकार्डच्या कॉलरवर चार बारीक सोनेरी ठिपके असतात. छातीवर पदकं नाहीत, खांद्यावर झालरी नाहीत, डोक्यावर टोपी नाही. हजाराच्या आसपास माणसं घेऊन ताऱ्यांमधून फिरणाऱ्या यानाचा हा सर्वाधिकारी, पण त्याचा अधिकार सांगायला तेवढे चार ठिपके पुरतात. विज्ञानकथेतले हुद्दे, फिती आणि बिल्ले हा चाहत्यांचा छंद समजून आपण पुढे जातो. मला मात्र ते फार गंभीर प्रकरण वाटतं. एखादा समाज अधिकाराची खूण कशी घडवतो, यावरून अधिकार म्हणजे त्याला काय वाटतं ते समजतं. कल्पित समाजात तर ते अधिकच लख्ख दिसतं, कारण तिथली प्रत्येक खूण कुणीतरी विचार करून शिवलेली असते.

‘स्टार ट्रेक’ची पहिली मालिका 1966 साली अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. तिचा निर्माता जीन रॉडेनबेरी दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानाचा वैमानिक होता. तरीही त्याने आपल्या अंतराळवीरांना हवाई दलाचे हुद्दे दिले नाहीत, नौदलाचे दिले. त्याच्यासमोर सी. एस. फॉरेस्टरच्या कादंबऱ्यांमधला ब्रिटिश नौदल अधिकारी हॉर्नब्लोअर होता. शिडाच्या जहाजांच्या काळात मुख्यालयाचा आदेश यायला महिनोन्‌महिने लागत. तोवर परक्या किनाऱ्यावर कप्तानच सेनापती, कप्तानच वकील आणि कप्तानच न्यायाधीश. भूदलात कॅप्टन हा तरुण, खालच्या पायरीवरचा अधिकारी असतो. नौदलातला कॅप्टन कर्नलच्या बरोबरीचा. दूरच्या ताऱ्याजवळ एकट्याने निर्णय घेणारा माणूस हवा होता, म्हणून रॉडेनबेरीने हा दुसरा कॅप्टन निवडला.

त्याला नौदलाची रचना हवी होती, लष्करी थाट नको होता. मालिकेतली स्टारफ्लीट ही अंतराळ संघटना मुख्यतः शोध आणि संपर्क यांसाठी आहे, युद्ध हे तिचं पहिलं काम नाही, अशी ही कल्पना. वेशभूषाकार विल्यम वेअर थाइस याने ती कपड्यांत कशी उतरवली, ते जवळून पाहण्यासारखं आहे. अमेरिकी नौदलात एन्साइन म्हणजे सर्वांत कनिष्ठ अधिकारी. त्याच्या बाहीवर एक पट्टी असते, लेफ्टनंटच्या दोन, कमांडरच्या तीन, कॅप्टनच्या चार. थाइसने प्रत्येक पायरीवर निदान एक पट्टी काढून टाकली. या मालिकेचा नायक कॅप्टन कर्क याच्या बाहीवर दोन अखंड फिती आणि त्यांच्यामध्ये एक तुटक फीत राहिली. कमांडरला दोन, लेफ्टनंटला एक. एन्साइनची बाही पूर्ण कोरी.

पट्ट्या कमी झाल्या आणि रंग पुढे आला. नेतृत्व करणाऱ्यांचा सदरा सोनेरी, वैज्ञानिक आणि डॉक्टर निळ्यात, अभियंते आणि सुरक्षारक्षक लाल रंगात. यानाच्या नियंत्रणकक्षात दुरून नजर टाकली की आधी कळतं ते कोण काय काम करतो; कोण कोणाच्या वर आहे हे कळायला जवळ जाऊन बाही पाहावी लागते. कामाची ओळख मोठी आणि हुद्द्याची लहान, हा क्रम मला या मालिकेतला सर्वांत महत्त्वाचा राजकीय विचार वाटतो.

1987 साली ‘द नेक्स्ट जनरेशन’ आली तेव्हा नौदलाची मोजणी परत आली: कॅप्टनला चार, कमांडरला तीन. पण पट्ट्यांच्या जागी कॉलरवरचे ठिपके आले, म्हणजे खूण आणखी लहान झाली. मधल्या हुद्द्यांसाठी एक पोकळ ठिपका आला, नुसती सोनेरी कड आणि आत काळं. लेफ्टनंट कमांडरला दोन भरीव आणि एक पोकळ. कमांडर झाल्यावर संख्या तीच राहते, फक्त तो पोकळ ठिपका भरीव होतो.

तो कशाने भरतो, हे 1994 सालच्या ‘दाइन ओन सेल्फ’ या भागात दाखवलं आहे. डियाना ट्रॉय ही यानावरची समुपदेशक, हुद्द्याने लेफ्टनंट कमांडर. तिला पुढची परीक्षा द्यायची आहे. आभासी प्रसंगात यान स्फोटाच्या उंबरठ्यावर असतं आणि तिने ते वाचवायचं असतं. ती तांत्रिक माहिती पाठ करते, वेगवेगळे उपाय करून बघते आणि पुन्हा पुन्हा नापास होते. शेवटी तिच्या लक्षात येतं की ही परीक्षा अभियांत्रिकीची नाहीच. एका सहकाऱ्याला जिथून तो जिवंत परतणार नाही अशा जागी दुरुस्तीसाठी पाठवलं तरच बाकीचे वाचणार आहेत. ती आपला मित्र जॉर्डी याला तो हुकूम देते आणि उत्तीर्ण होते. जी बाई रोज लोकांची दुःखं ऐकून घेते, तिलाच हा प्रश्न घातला आहे. त्या भरलेल्या ठिपक्याचा अर्थ एवढाच की दुसऱ्याच्या जिवाचा निर्णय आपल्या नावावर घ्यायला ही व्यक्ती तयार आहे.

याच्या शेजारी ‘स्टार वॉर्स’चं साम्राज्य ठेवून पाहावं. तिथले गणवेश जॉन मोलो याने केले, आणि 1977 सालच्या पहिल्या चित्रपटासाठी त्याला ऑस्करही मिळालं. मोलो लष्करी पोशाखांच्या इतिहासाचा जाणकार. त्याने साम्राज्याच्या अधिकाऱ्यांना कडक इस्त्रीचा, जर्मन वळणाचा गणवेश दिला आणि छातीवर रंगीत चौकोनांची पट्टी लावली. ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ या 1980 सालच्या चित्रपटात अ‍ॅडमिरल ओझलकडून चूक होते. साम्राज्याचा क्रूर सरदार डार्थ व्हेडर दूर बसून अतींद्रिय शक्तीने त्याचा गळा आवळतो आणि तो मरत असतानाच शेजारी उभ्या कॅप्टन पिएटला अ‍ॅडमिरल करून टाकतो. पुढे कॅप्टन नीडा आपल्या अपयशाची जबाबदारी घेऊन स्वतः माफी मागायला जातो. त्यालाही मरण मिळतं. या व्यवस्थेत हुद्दा ही वरून झालेली मेहेरबानी आहे आणि जबाबदारी घेणं हा गुन्हा आहे. खुद्द व्हेडरच्या छातीवर हुद्द्याची पट्टी नाही. ज्याला सम्राटाखेरीज कुणालाच जाब द्यायचा नाही, त्याला ती लागत नाही.

‘स्टार ट्रेक’ने आपला आदर्श नेहमी पाळला असं मात्र नाही. 1965 साली पूर्ण झालेल्या पहिल्या प्रायोगिक भागात यानाची दुय्यम अधिकारी एक स्त्री होती आणि तिचा गणवेश पुरुषांसारखाच, पँटचा होता. मालिका सुरू झाली तेव्हा ते पात्र गेलं आणि स्त्रियांच्या वाट्याला तोकडे झगे आले. स्त्री कॅप्टन मालिकेची नायिका व्हायला 1995 साल उजाडलं. लाल सदऱ्यातली बिननावाची माणसं तर कथेला धोका दाखवायला हवा म्हणून मरत राहिली. ज्या जगात प्रत्येक जिवाचा हिशेब द्यायचा असतो, तिथे हा दोष लहान मानता येणार नाही.

पण या जगाने आपल्याच गणवेशाला प्रश्नही विचारले. 1991 सालच्या ‘एन्साइन रो’ या भागात रो लॅरेन ही बेजोर ग्रहावरची तरुणी यानावर येते. तिच्या कानात तिच्या लोकांच्या श्रद्धेचं कर्णभूषण आहे. गणवेशाच्या नियमात ते बसत नाही म्हणून यानाचा दुय्यम अधिकारी रायकर तिला ते काढायला लावतो. भागाच्या अखेरीस कॅप्टन पिकार्ड ते घालायची परवानगी देतो. गणवेश सगळ्यांना समान करतो ही त्याची ताकद. पण समान करताना तो कुणाची ओळख पुसत असेल, तर नियमाला वाट काढून द्यावी लागते, आणि ती देणं हेही कॅप्टनचंच काम.

आता हे कल्पित जग खऱ्या जगात उतरू लागलं आहे. अमेरिकेत 20 डिसेंबर 2019 रोजी स्पेस फोर्स स्थापन झालं. जानेवारी 2020 मध्ये त्याचं बोधचिन्ह जाहीर झालं आणि त्यातला बाणाच्या टोकासारखा आकार पाहून जगभरच्या प्रेक्षकांना स्टारफ्लीटचा बिल्ला आठवला. या दलाला नौदलाचे हुद्दे द्यावेत अशी दुरुस्ती त्याच वर्षी अमेरिकी प्रतिनिधिगृहाने मंजूर केली. कर्कची भूमिका करणाऱ्या विल्यम शॅटनरनेही त्याच बाजूने लेख लिहिला. अखेरीस तसं झालं नाही, अधिकाऱ्यांचे हुद्दे हवाई दलाचेच राहिले. बोधचिन्हातलं साम्य मला फारसं महत्त्वाचं वाटत नाही. अवकाशात पाठवायची माणसं पहारेकरी म्हणून पाठवायची की शोधक म्हणून, हा मूळ प्रश्न आहे, आणि हुद्द्यांच्या त्या वादात तोच दडलेला होता.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. डिसेंबर 2023 मध्ये भारतीय नौदलाने आपल्या अ‍ॅडमिरलांच्या खांद्यावरची पदचिन्हं बदलली आणि शिवछत्रपतींच्या राजमुद्रेचा अष्टकोन त्यांत आणला. चिन्ह बदलणं हा पहिला, तुलनेने सोपा भाग. ते धारण करणाऱ्याने कशाची हमी दिली आहे, हे ठरवणं आणि त्याला त्या हमीला बांधून ठेवणं हे खरं अवघड काम आहे. ते नौदलात जितकं लागू आहे तितकंच मंत्रालयात, पोलीस ठाण्यात आणि विद्यापीठातही.

अधिकाराची खूण जितकी मोठी, तितकी ती माणसाच्या स्वतःच्या गौरवाकडे झुकते; जितकी लहान आणि नेमकी, तितकी ती कामाशी बांधलेली राहते, असं माझं ठाम मत आहे. म्हणून यापुढे कुणाच्या खांद्यावर, छातीवर किंवा गाडीवर अधिकाराची खूण दिसली, तर ती किती झळकते हे पाहू नका. हा माणूस कोणत्या गोष्टीचा जाब द्यायला बांधलेला आहे, हे त्याला विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.