तड्यावर रंग मारणाऱ्यांना

रंग कोणी मारला हे मी विचारणार नाही. हॅंगरमध्ये तुम्ही सगळे होतात आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही, म्हणजे हात सगळ्यांचाच आहे. आपल्या किट विमानाच्या शेपटीच्या आडव्या पंखाचा पुढचा स्पार, मधल्या ब्रॅकेटच्या डावीकडे, पत्रा वाकवलेल्या कोपऱ्यातून निघालेला नखाएवढा तडा. त्याच्या टोकाजवळ भोक, भोकावर एम-सील, त्यावर पॉलिश पेपर आणि वर पांढऱ्या रंगाचे दोन हात. फ्लँजवरून बोट फिरवताना एका जागी रंग जाड लागला, म्हणून सापडलं. नाहीतर ते तसंच हवेत गेलं असतं.

तडा पडला म्हणून मी रागावलेलो नाही. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा थरथरीने थकतो. पोलादावरचा ताण एका मर्यादेच्या आत ठेवला तर ते वर्षानुवर्षं टिकतं, अ‍ॅल्युमिनियमला तशी मर्यादाच नाही. ताण थोडा असला तरी लाखो हेलकाव्यांनंतर पत्रा कुठूनतरी उकलणारच, आणि जिथे वाक तीव्र आहे, भोकाची बर काढलेली नाही, सुईने ओरखडा पडलाय, तिथून आधी उकलणार. अमेरिकेतल्या व्हॅन्स कंपनीने २०१४ मध्ये आपल्या आरव्ही किटच्या काही मॉडेलांसाठी शेपटीच्या याच स्पारवर तडे शोधा, असं जाहीर पत्रक काढलं. स्वतःच्या विमानातला दोष तिने जगासमोर मांडला. तुम्हाला तो आपल्या चार भिंतींत माझ्यासमोरही मांडता आला नाही. याची चीड येते.

आता तुमच्या पेनिट्रंटच्या, म्हणजे तड्यात शिरून तो दाखवणाऱ्या रंगाच्या, तपासणीबद्दल. ‘सर, पेनिट्रंट मारून बघितलं, पुढे काही नाही,’ असं म्हणालात. कधी मारलंत? मे महिन्यात, भर दुपारी, अंगणात, उन्हात तापलेल्या पत्र्यावर. हात ठेववत नव्हता त्याच्यावर. साधारण ५२ अंशांच्या वर ते रसायन भरवशाचं राहत नाही, हे डब्यावर छापलेलं असतं. जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात ही तपासणी सकाळीच करायची, सावलीत, हे इथल्या पोराला मी शिकवायचं? आणि त्याआधीही पॉलिश पेपर घासलात. अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं रे. घासलं की त्याचाच थर तड्याच्या तोंडावर पसरतो आणि तोंड बुजतं. मग लाल रंग आत शिरणार कुठून? वर तो पुसताना सॉल्व्हंटचा फवारा थेट पत्र्यावर मारलात, म्हणजे जे थेंबभर आत गेलं असेल तेही धुऊन काढलंत. फडकं ओलं करायचं असतं, पत्रा नाही.

म्हणून तुमचं भोक चुकलं. ते तड्याच्या टोकावर नाही, टोकाच्या अलीकडे पडलंय. तडा भोकाच्या पलीकडे शाबूत आहे आणि पुढे जायला मोकळा आहे. भोक मारण्याचा हेतू एवढाच की तड्याचं टोकदार टोक नाहीसं व्हावं आणि ताण गोल कडेवर पसरावा. टोकच सापडलं नसेल तर तुम्ही स्पार आणखी कमकुवत केलात, बाकी काही नाही. आणि भोकानेही काम संपत नाही. ते फक्त तडा थोपवतं, गेलेली ताकद परत आणत नाही. ती डबलरने येते: त्याच जातीचा पत्रा, त्याच किंवा किंचित जास्त जाडीचा, रिव्हेट कडेपासून किमान तिच्या व्यासाच्या दुप्पट आत. स्पारवर यातलं काय चालेल हे किट बनवणारा ठरवतो. तुम्ही नाही, मीही नाही.

दुरुस्ती म्हणजे ठिगळ असं ज्याला वाटतं त्याने जपान एअरलाइन्सच्या १२३ क्रमांकाच्या उड्डाणाचा अहवाल वाचावा. १९७८ मध्ये ओसाकाला उतरताना त्या जंबोची शेपटी जमिनीला घासली. मागच्या दाबभिंतीची दुरुस्ती झाली. जोडपट्टी अखंड बसवायची होती, ती दोन तुकड्यांत बसली, आणि रिव्हेटच्या दोन रांगांचा भार एका रांगेवर आला. बाहेरून सगळं ठीक दिसत होतं. सात वर्षं विमान उडत राहिलं आणि भोकाभोकातून तडे वाढत राहिले. १२ ऑगस्ट १९८५ रोजी भिंत फुटली. ५२४ पैकी ५२० माणसं गेली. ती दुरुस्ती खुद्द बोइंगच्या माणसांनी केली होती. आपण कोण?

कॅप्टन अमोल यादवांचं नाव तुम्ही उठताबसता घेता. कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं त्यांचं विमान आपल्या धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवर चाचणीला आलं, याचा तुम्हाला अभिमान आहे, मलाही आहे. पण त्याची नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि उड्डाणाचा परवाना २०१९ मध्ये मिळाला. त्यामागची वर्षानुवर्षांची कागदपत्रं आणि तपासण्या तुम्हाला आठवत नाहीत, फक्त फोटो आठवतात. घरी बांधलेल्या विमानावर या देशात आधीच कोणाचा चटकन विश्वास बसत नाही. तुमचं एम-सील उद्या एखाद्या केळीच्या बागेत पडलं, तर खाली खत घालणारा माणूस तर जाईलच, पण पुढच्या दहा पोरांचे अर्जही कोणी उघडून बघणार नाही.

उद्या सकाळी साडेसहाला हॅंगर उघडेल. उरलेला रंग रिमूव्हरने उतरवायचा, उरलेलं एम-सील प्लॅस्टिकच्या पट्टीने काढायचं. तारेचा ब्रश कोणाच्या हातात दिसता कामा नये. खुणेला शिसपेन्सिल वापरायची नाही. ग्रॅफाइटने तिथे गंज धरतो. पेनिट्रंट माझ्यासमोर, घड्याळ लावून. डावीकडचा तडा सापडलाय म्हणून उजवी बाजू सोडायची नाही, आणि ब्रॅकेट हलतोय का ते तपासल्याशिवाय डबलर कापायचा नाही. लॉगबुकात तुम्ही लिहायचं: तडा कुठे, किती मिलिमीटर, कोणाला कधी दिसला, आणि त्यावर काय केलं, एम-सीलसकट. खाली सगळ्यांच्या सह्या. ते पान आणि फोटो मी किट बनवणाऱ्याला पाठवणार आहे. त्यांचं उत्तर येईपर्यंत प्रोपेलरला कोणी हात लावायचा नाही.